बाकी जाऊ द्या, नाटक कसं होतं? 'अवर अमेरिकन कझिन'ची गोष्ट

अमेरिकेत एक जुना, जरा क्रूर जोक आहे. कुणीतरी लिंकनच्या बायकोला विचारतं, "बाकी ते जाऊ द्या बाई, नाटक कसं होतं?" हा जोक चालतो कारण त्या रात्री स्टेजवर काय चाललं होतं याचं कुणाला काही पडलेलंच नसतं. शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते की १४ एप्रिल १८६५ ला राष्ट्राध्यक्ष नाटक बघत असताना त्यांना गोळी घातली, आणि नाटकाचं नाव फार तर क्विझमध्ये विचारतात. मला मात्र तो प्रश्न खरंच आवडतो. 'अवर अमेरिकन कझिन' हे त्या काळात तुफान चाललेलं नाटक होतं, न्यूयॉर्कला आणि लंडनला दोन्हीकडे, त्यावरून कोर्टकज्जे झाले, त्यातल्या एका पात्रामुळे पुरुषांच्या कल्ल्यांची फॅशन निघाली, आणि गंमत म्हणजे आज नुसतं वाचलं तर ते बऱ्यापैकी सुमार नाटक आहे. मग एवढं चाललं कसं? आणि चाललं तेव्हा ते नक्की कोणाचं होतं, लेखकाचं, कंपनीच्या मालकिणीचं का नटांचं? या दुसऱ्या प्रश्नावर तर न्यायाधीशांनी पानंच्या पानं लिहिलीयत.

आधी गोष्ट पटकन सांगून टाकतो. इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये ट्रेंचर्ड मॅनर नावाचा मोठा वाडा. मालक सर एडवर्ड, खानदान मोठं पण सगळं गहाण पडलेलं. कारभारी कॉइल पक्का बदमाश, कागद त्याच्या मुठीत, आणि मिटवायची अट एकच की मुलगी फ्लॉरेन्स मला द्या. अशात अमेरिकेतून, व्हर्मांटमधल्या ब्रॅटलबरोहून, एक लांबचा भाऊ येऊन धडकतो, एसा ट्रेंचर्ड. रांगडा गडी, बोलणं मोठ्यानं, दर वाक्यात काहीतरी गावरान ठसका, बटलरशीसुद्धा खांद्यावर हात टाकून बोलणार. शॉवरची दोरी दिसते, ही काय भानगड म्हणून कपड्यांसकट ओढतो आणि नखशिखांत भिजतो, हा त्यातला हमखास लाफ्टर. वाड्यात मिसेस माउंटचेसिंग्टन नावाची बाई आपल्या मुली खपवायला मुक्काम ठोकून बसलीय, एकीचं एसाशी जुळवायचं कारण तो गडगंज आहे असं तिला वाटतं, दुसरी जॉर्जिना नाजूकपणाचं सोंग घेऊन बसलेली आणि तिच्या मागेमागे लॉर्ड डंड्रेरी नावाचा एक बावळट उमराव.

मेख अशी की मार्क ट्रेंचर्ड नावाचा म्हातारा घरच्यांवर रुसून अमेरिकेत गेला होता आणि सगळी इस्टेट एसाच्या नावावर करून तिकडेच मेला, आणि त्याची सख्खी नात मेरी इकडे दूधदुभत्याचं काम करून पोट भरतेय. एसा तिच्या प्रेमात पडतो. एका प्रवेशात तिच्याशी गप्पा मारता मारता सिगार पेटवायला म्हणून तो खिशातला कागद जाळतो, आणि तो कागद म्हणजे ते मृत्युपत्र. झालं, इस्टेट मेरीची. पुढे कॉइलच्या दारुड्या कारकुनाच्या मदतीनं गहाण फिटल्याचा दाबून ठेवलेला कागद सापडतो, वाडा वाचतो, जोड्यांवर जोड्या लागतात, पडदा.

यात नवीन असं काही नव्हतं. अमेरिकन स्टेजवर असला गावाकडचा, बाहेरून अडाणी आणि आतून सोन्यासारखा यँकी १७८७ पासून म्हणजे रॉयल टायलरच्या 'द कॉन्ट्रास्ट'पासून चालत आला होता, आणि काही नटांनी तर जन्मभर तेवढंच केलं. त्यातलाच एक जोशुआ सिल्सबी. तो १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनला गेला, तिकडे त्याच्या यँकीला टाळ्या पडल्या, ते बघून टॉम टेलर या इंग्रज लेखकानं त्याला डोळ्यासमोर ठेवून हे नाटक लिहिलं. म्हणजे अमेरिकन माणसाचं हे नाटक लिहिणारा इंग्रज होता, सरकारी नोकरी सांभाळून नाटकांचा रतीब घालणारा, पुढे 'पंच' साप्ताहिकाचा संपादकही झाला. लंडनमध्ये तेव्हा ते उभंच राहिलं नाही. हस्तलिखिताची एक प्रत सिल्सबीकडे राहिली, १८५५ मध्ये सिल्सबी वारला, प्रत त्याच्या बायकोकडे गेली. ही प्रत लक्षात ठेवा, पुढे कोर्टात येणार आहे.

आता न्यूयॉर्क. लॉरा कीन ही मूळची लंडनची नटी, १८५२ मध्ये अमेरिकेत आली आणि १८५६ मध्ये ब्रॉडवेवर तिनं स्वतःच्या नावाचं थिएटर उघडलं. बाईनं थिएटर चालवायचं म्हणजे नाटक निवडण्यापासून तालमी, कपडे, जाहिरात, नटांची भांडणं, सगळं तिनंच बघायचं आणि रात्री परत नायिकाही तिनंच व्हायचं. टेलरकडून तिनं हे नाटक एक हजार डॉलरला घेतलं. पण घेतलं म्हणून लगेच केलं असं झालं नाही. त्या कंपनीतला मुख्य विनोदी नट जोसेफ जेफरसन याच्या आत्मचरित्रात याची हकीकत आहे. बाईंच्या मनात शेक्सपिअरचं 'मिडसमर नाइट्स ड्रीम' थाटामाटात करायचं होतं, त्याचे पडदे रंगवून व्हायला वेळ लागत होता, आणि तोपर्यंतचे दोन आठवडे भरून काढायला काहीतरी हवं होतं. ते काहीतरी म्हणजे हे नाटक. १५ ऑक्टोबर १८५८ ला लागलं आणि पुढच्या मार्चपर्यंत उतरलंच नाही, एकशे चाळीसच्या आसपास प्रयोग सलग. शेक्सपिअर बिचारा विंगेत ताटकळत राहिला.

हा आकडा आज किरकोळ वाटेल, पण तेव्हा थिएटर कसं चालायचं ते कळल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. एका थिएटरची एक पगारी कंपनी असायची, त्यात नायक, नायिका, म्हातारा, म्हातारी, विनोदी नट अशा जागा ठरलेल्या, आणि नाटक दर दोनचार दिवसांनी बदलायचं कारण शहरातला नाटक बघणारा माणूस तोच तो, तो एकच नाटक कितीदा बघणार. नटाला आख्खं नाटक वाचायलाही मिळायचं नाही, फक्त आपली नक्कल मिळायची, म्हणजे आपली वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधीचे दुसऱ्याचे शेवटचे चारदोन शब्द. डोक्यात एकाच वेळी वीसपंचवीस भूमिका. एकच नाटक महिनोन् महिने चाललं की हे सगळं गणित बदलतं, रेल्वेमुळे बाहेरगावचे लोक येऊ लागलेले असतात, नट एकाच भूमिकेत मुरतो, आणि रोज तेच वाक्य म्हणायचं असलं की हुशार नट काय करणार ते आपल्याला मराठी रंगभूमीवरून चांगलंच माहिताय. तो अ‍ॅडिशन घेतो, म्हणजे पदरचं काहीतरी घालतो. आज एक टाकली, हशा आला, उद्या पक्की झाली, परवा तिच्यावर आणखी एक.

आणि या नाटकात अ‍ॅडिशनचा जो कारखाना निघाला ना, त्याला तोड नाही.

एडवर्ड सदर्न हा इंग्रज नट. अमेरिकेत आल्यावर बोस्टनला सपशेल आपटलेला, नंतर बरीच वर्षं डग्लस स्टुअर्ट असं दुसरंच नाव लावून किरकोळ कामं करणारा. कीनच्या कंपनीत त्याला लॉर्ड डंड्रेरी दिला. चाळीसएक ओळींचं काम, सगळी मजा एसाला म्हणजे जेफरसनला. सदर्न वैतागला, करत नाही म्हणाला, शेवटी एका अटीवर तयार झाला की त्यात मला हवं ते घालू द्यायचं. बाईंनी हो म्हटलं, चाळीस ओळींत घालून घालून काय घालणार असं वाटलं असणार. त्यानं आधी उमरावाला बोबडं केलं, मग अडखळायला लावलं, डोळ्यावर एका काचेचा चष्मा, लांबलचक झुपकेदार कल्ले, आणि चालणं असं की दर चार पावलांवर एक छोटी उडी. या उडीची एक गोष्ट सांगतात, खरी खोटी देव जाणे, की तालमीत थंडी वाजते म्हणून हा मागे एकटाच उड्या मारत होता, बाईंनी खोचकपणे विचारलं की हे पण तुमच्या भूमिकेत आहे वाटतं, आणि हा तेवढ्याच गंभीरपणे हो म्हणाला.

डंड्रेरीच्या डोक्यात विचार सुरू होतो तो एका टोकाला आणि संपतो भलतीकडे. एका म्हणीचं डोकं धरून तिला दुसऱ्या म्हणीचं शेपूट लावायची त्याला खोड, म्हणजे आपल्यात कुणी अगदी शहाण्यासारखा चेहरा करून 'उथळ पाण्याला बारा वाटा' असं म्हणावं आणि वर ऐकणाऱ्याकडे बघावं की कसं बोललो, तसं. सगळ्यात गाजलेला तुकडा म्हणजे भावाच्या, सॅमच्या, पत्राचं वाचन. पत्रात फारसं काही नाही. हा एक वाक्य वाचतो, थांबतो, याचा अर्थ काय असेल यावर अडखळत स्वतःशीच वाद घालतो, चुकीच्या निष्कर्षाला पोचतो, खूश होतो, मग पुढचं वाक्य वाचल्यावर तो निष्कर्ष कोसळतो. हे मिनिटांमागून मिनिटं, स्टेजवर एकटा. टेलरच्या मूळ हस्तलिखितात यातलं जवळपास काहीच नव्हतं. हळूहळू चाळीस ओळींचा उमराव एवढा फुगला की लोक डंड्रेरीचं नाटक बघायला जाऊ म्हणू लागले आणि अमेरिकन कझिन बाजूला पडला.

जेफरसनही काही गप्प बसलेला नव्हता. त्यानंही एसामध्ये आपलं बरंच घातलं, आणि मृत्युपत्र जाळायच्या प्रवेशात, हसवता हसवता, लोकांच्या डोळ्यात पाणी आणलं. आपण नुसते हसवणारे नट नाही हे त्याला इथे कळलं आणि पुढे 'रिप व्हॅन विंकल' त्यानं जन्मभर केलं ते याच जोरावर. पण १८५९ मध्ये त्याचं आणि बाईंचं बिनसलं आणि तो कंपनी सोडून गेला. एका यशस्वी नाटकात तीन माणसं आपल्यामुळेच नाटक चाललंय असं समजत असली की दुसरं काय होणार.

आता कोर्ट. नाटक न्यूयॉर्कला लागून महिना उलटतो न उलटतो तोच फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीट थिएटरला हेच नाटक लागलं. चालवणारे विल्यम व्हीटली आणि जॉन स्लीपर क्लार्क, एसा स्वतः क्लार्क. त्यांच्याकडे नाटक कुठून आलं तर सिल्सबीच्या बायकोकडच्या त्या प्रतीवरून. बोस्टनला मोझेस किंबॉलच्या बोस्टन म्यूझियममध्येही लागलं. (म्यूझियम नाव अशासाठी की बोस्टनच्या सोवळ्या लोकांना थिएटरात जायची लाज वाटायची, मग दारात पेंढा भरलेले प्राणी वगैरे ठेवायचे आणि आत नाटक.) बाई दोघांवर कोर्टात गेल्या.

इथे कायदा जरा किचकट आहे पण मजेशीर आहे. अमेरिकेत १८५६ पर्यंत नाटकाचा कॉपीराइट म्हणजे पुस्तक छापायचा हक्क, बस. दुसऱ्यानं ते स्टेजवर केलं तर लेखकाला काहीच करता यायचं नाही. १८५६ च्या कायद्यानं प्रयोगाचा हक्कही दिला, पण फक्त अमेरिकन नागरिकाला किंवा तिथं राहणाऱ्याला. टेलर लंडनमध्ये बसलेला इंग्रज. म्हणजे त्याला कॉपीराइट नाही, आणि ज्याच्याकडे नाहीच तो बाईंना विकणार काय? परदेशी लेखकांना अमेरिकेत कॉपीराइट मिळायला १८९१ उजाडलं. मग बाईंच्या वकिलांनी दुसरी वाट धरली. नाटक छापलेलंच नाही, हस्तलिखित आहे, आणि न छापलेलं लिखाण ही खाजगी मालमत्ता असते, त्याला कॉपीराइटचा शिक्का लागत नाही. बरोबर आहे. पण मग रोज रात्री शेकडो लोकांसमोर पैसे घेऊन जे बोलून दाखवलंत ते खाजगी राहिलं का?

मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टानं १८६० मध्ये किंबॉलच्या बाजूनं निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की प्रेक्षक तिकीट काढून आलाय, त्यानं जे ऐकलं ते त्याच्या डोक्यात राहिलं तर ते तुम्ही परत काढून घेऊ शकत नाही, आणि डोक्यात राहिलेलं त्यानं दुसरीकडे स्टेजवर केलं तर अडवूही शकत नाही. म्हणजे पाठांतर चांगलं असेल तर नाटक तुमचं! चोरून लिहून घेतलं, हस्तलिखित पळवलं, तर गोष्ट वेगळी, पण आठवणीला कुलूप नाही. आज हे ऐकून हसू येतं, मोबाइलवर शूट केल्यासारखंच की ते, पण तेव्हा हा नियम गंभीरपणे वीसएक वर्षं चालला, १८८२ मध्ये त्याच कोर्टानं दुसऱ्या एका नाटकाच्या खटल्यात तो मोडीत काढला. तोपर्यंत कुणी किती पाठ करून आलंय आणि कुणी बाहीत कागद लपवून लिहिलंय हे शोधायचं काम वकिलांचं.

फिलाडेल्फियाचा निकाल मला जास्त आवडतो. न्यायाधीश कॅडवालडर यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक टेलरचं मूळ नाटक, जे प्रतिवाद्यांनी सिल्सबीच्या प्रतीवरून मिळवलं होतं. दुसरं म्हणजे न्यूयॉर्कच्या तालमीत आणि प्रयोगात त्यावर चढलेली भर. व्हीटली आणि क्लार्क यांना मूळ प्रतीवर भागलं नाही, कारण लोक हसत होते ते भरीला! म्हणून जुएट नावाच्या, बाईंच्या कंपनीतल्या एका नटाकडून त्यांनी ती भर मिळवली. कोर्ट म्हणालं की टेलर परदेशी, त्यामुळे बाईंना कायद्यानं कॉपीराइट नाही. पण जेफरसननं कामात असताना जी भर घातली ती त्याला कामावर ठेवणाऱ्या बाईंची, आणि ती आतल्या माणसानं विश्वास मोडून बाहेर दिली, म्हणून तेवढ्यासाठी बाई जिंकल्या. म्हणजे विचार करा, लेखकानं टेबलावर बसून लिहिलेलं नाटक मोकळं, आणि नटांनी पायाखालच्या फळ्यांवर उभं राहून टाकलेल्या अ‍ॅडिशनला संरक्षण. आणि ते संरक्षणही ज्यानं टाकली त्याला नाहीच, पगार देणारीला. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं, हा जो नियम आज सॉफ्टवेअर कंपनीत ऑफर लेटरवर सही करताना आपण न वाचता मान्य करतो, त्याच्या जुन्या मुळांमध्ये कायद्याचे अभ्यासक हा निकाल दाखवतात.

कागदावर मात्र काहीही असो, डंड्रेरी होता सदर्नच्या अंगात. ती उडी, ते अडखळणं, तो चेहरा, हे कुठल्या हस्तलिखितात लिहून ठेवणार. १८६१ मध्ये तो लंडनला गेला आणि ११ नोव्हेंबरला हेमार्केट थिएटरला नाटक लागलं, थिएटरचा मॅनेजर बकस्टन स्वतः एसा झाला. वेळ काय तर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आणि त्याच महिन्यात उत्तरेच्या नौदलानं ब्रिटिश जहाज अडवून दोन माणसं उचलली म्हणून लंडनमध्ये अमेरिकेवर संताप. अशात अमेरिकन कझिन! सुरुवातीचे दिवस थंडच गेले. शिवाय भीती अशी की आपल्याच उमरावाची टिंगल लंडनकर सहन करतील का. त्यांनी सहन केलं म्हणजे काय, डोक्यावर घेतलं. शेकडो प्रयोग झाले. खुद्द उमरावही बघायला येत, आणि प्रत्येकाला तो शेजारच्या बॉक्समधला दुसरा कुणीतरी वाटे. दोन्ही गालांवर लोंबणाऱ्या लांब कल्ल्यांना डंड्रेरी हे नाव पडलं ते इंग्रजी डिक्शनरीत अजून आहे. मग नेहमीचं सुरू झालं, डंड्रेरीचं लग्न झालं असं एक नाटक, त्याचा भाऊ सॅम यावर एक नाटक, हिट सिनेमाचे पुढचे भाग काढतात तसं.

इकडे अमेरिकेत लॉरा कीननं १८६३ मध्ये आपलं थिएटर सोडलं आणि दौरे सुरू केले. तिच्या जाहिरातीत लिहिलेलं असे की हे नाटक मी हजारांवर रात्री केलंय. १८६५ च्या एप्रिलमध्ये ती वॉशिंग्टनला फोर्ड्स थिएटरला आली, सोबत एसा करायला हॅरी हॉक. १४ एप्रिल हा तिचा तिथला शेवटचा दिवस आणि तिचा बेनिफिट, म्हणजे त्या रात्रीच्या गल्ल्यातून मुख्य वाटा नटाला मिळतो तो प्रयोग. दिवस गुड फ्रायडेचा, एरवी थिएटरसाठी वर्षातला पडीक वार, पण पाचच दिवसांपूर्वी दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करलेली आणि राष्ट्राध्यक्ष येणार ही बातमी संध्याकाळच्या पेपरात, त्यामुळे घर भरलं.

लिंकन उशिरा आले, साडेआठच्या सुमारास. प्रयोग थांबला, बँडनं सलामीची धून वाजवली, लोक उठून उभे राहिले, मग पुढे सुरू. त्या रात्रीही अ‍ॅडिशन चालूच होत्या. वाऱ्याच्या झोताला आणि सैन्यातल्या सक्तीच्या भरतीला इंग्रजीत एकच शब्द, ड्राफ्ट, आणि एका पात्राला झोत लागत नाही अशी जागा हवी असते. तिथे उत्तर आलं की राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानं तो कालच बंद झालाय. सरकारनं सक्तीची भरती खरंच आदल्या दिवशी थांबवली होती. युद्धानं पिचलेल्या प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं असणार.

आणि जॉन विल्क्स बूथ. हा स्वतः नट, फोर्ड्सचा नेहमीचा माणूस, त्याची टपालंसुद्धा तिथे यायची. दुपारी ती घ्यायला आला तेव्हा त्याला कळलं की आज लिंकन येतायत. त्याची बहीण एशिया हिचा नवरा कोण, तर फिलाडेल्फियात हे नाटक उचलणारा तो जॉन स्लीपर क्लार्क. एकंदर बूथला हे नाटक वेगळं शिकवायची गरज नव्हती. स्टेज कधी रिकामं असतं, लाफ्टर कुठे येतो, सगळं ठाऊक.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. एसाकडे पैसा नाही हे मिसेस माउंटचेसिंग्टनला कळलंय. ती त्याला, तुम्हाला चांगल्या समाजाच्या रीतीभाती माहीत नाहीत, असं सुनावून तरातरा निघून जाते. स्टेजवर हॉक एकटा. तो तिच्या मागे बघत म्हणतो, मला रीतीभाती माहीत नाहीत काय गं म्हातारे, तुझी आतली बाजू बाहेर काढण्याइतपत माहीत आहेत, आणि वर तिला एक ठेवणीतली कचकचीत यँकी शिवी हासडतो. वर्षानुवर्षांचा खात्रीचा हशा. सव्वादहाच्या सुमारास तो हशा आला आणि त्यातच बूथनं पिस्तूल झाडलं. कित्येकांना आवाज नाटकातलाच वाटला, काहींना बूथनं बॉक्समधून स्टेजवर उडी टाकली तीही. हॉकनं घरी पत्र लिहिलंय त्यात त्यानं सरळ सांगितलंय की हातात सुरा घेऊन माणूस आपल्याकडे धावत येताना दिसला आणि मी पळालो. मला तो प्रामाणिकपणा आवडतो. विंगेत बँडमास्टर विल्यम विदर्स उभा होता, त्यानं रचलेलं देशभक्तिपर गाणं त्या रात्री व्हायचं होतं आणि ते पुढे पुढे ढकललं जात होतं, म्हणून तो विचारायला आला होता. बूथनं पळताना त्याच्यावरही वार केला. लॉरा कीननं स्टेजवरून लोकांना शांत राहायला सांगितलं, मग ती वर बॉक्समध्ये गेली, डॉक्टर लील यांच्या परवानगीनं लिंकन यांचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या बाहीचा रक्ताचे डाग पडलेला कफ आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

नंतरचं थोडक्यात. लॉरा कीन आणि हॉक पुढच्या मुक्कामाला निघाले तर वाटेत हॅरिसबर्गला त्यांना पकडलं, चौकशी होऊन सुटले. थिएटरचा मालक जॉन फोर्ड त्या रात्री शहरातच नव्हता तरी जवळपास चाळीस दिवस तुरुंगात. त्यानं जुलैमध्ये थिएटर परत उघडायचा प्रयत्न केला, धमक्या आल्या, सरकारनं बंद पाडलं आणि शेवटी एक लाख डॉलर देऊन ती वास्तू घेतली, तिथे सरकारी ऑफिस टाकलं. १८९३ मध्ये आतले मजले कोसळून २२ कारकून मेले. १९६८ पासून तिथे परत नाटकं होतात. क्लार्कला बूथचा मेहुणा म्हणून आत टाकलं होतं, तो सुटल्यावर लंडनला गेला आणि तिकडे विनोदी नट म्हणून नाव काढलं. कीन १८७३ मध्ये गेली, अजून पन्नाशीचीही नव्हती.

नाटकावर बंदी वगैरे आली असं वाटेल, तर नाही. सदर्न १८७० च्या दशकात अमेरिकेत परतला आणि तोच डंड्रेरी घेऊन गावोगाव फिरला, लोक हसले, पैसे मिळाले. तो १८८१ मध्ये गेला आणि त्याच्यानंतर नाटकातली हवाच गेली. त्याच्या मुलानं, तोही मोठा नट, पुढच्या शतकाच्या सुरुवातीला बापाचा डंड्रेरी करून बघितला. पण लोकांच्या जिभेवर नाव राहिलं ते फोर्ड्स थिएटरमुळे.

मूळ संहिता इंटरनेटवर फुकट मिळते, कॉपीराइटचा प्रश्न आता कुणालाच नाही. वाचायची असेल तर पहिला अंक जरा रेटावा लागतो, शॉवरच्या प्रवेशापर्यंत धीर धरा. आणि डंड्रेरीची वाक्यं मनात न वाचता मोठ्यानं वाचा, अडखळत, जमलं तर मध्ये एखादी उडी मारून, घरात कुणी नसताना.